एका केसापुरतं वचन

चेहऱ्यावरचे नको असलेले केस सुईनं आणि विजेच्या बारीक प्रवाहानं मुळापासून काढणं हे माझं काम आहे. याला इलेक्ट्रोलिसिस म्हणतात. पांढुर्णा-सौंसर भागातल्या बायका सरळ ‘करंटची सुई’ म्हणतात. दोऱ्यानं भुवया कोरण्यापासून माझी सुरुवात झाली. पुढे नागपुरात एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंच्या दवाखान्यात मदतनीस होते, तिथे सुई धरायला शिकले, आणि लग्न होऊन पांढुर्ण्याला आले तेव्हा हे कसब सोबत आणलं. दर शनिवारी सौंसरला बसते. इतक्या वर्षांच्या कामातून एक गोष्ट माझ्यापुरती पक्की झाली आहे आणि तीच सांगायला हे लिहिते आहे. सुईवालीनं वचन द्यायचं ते एका केसापुरतं. अख्ख्या चेहऱ्याचं वचन देणाऱ्याला एकतर हे काम कळलेलं नसतं, नाहीतर समोरच्या बाईची गरज त्याला नेमकी कळलेली असते.

आमचा भाग नकाशात मध्य प्रदेशात आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि नागपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेलं. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली निघून पांढुर्णा जिल्हा झाला. कचेरीची भाषा हिंदी, घरची मराठी, आणि बाजार, दवाखाना, सोयरिकी बहुतेक नागपूरकडच्या. त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्या बायका दोन्ही भाषांत बोलतात, पण या विषयावर बोलायची वेळ आली की मराठीवर येतात आणि आवाज खाली जातो.

हा संत्र्याचा मुलूख. आंबिया बहाराची फळं दिवाळीनंतर उतरू लागतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चकडे. बागेचा सौदा झाला, हातात पैसे आले, की बायका येतात. एप्रिल-मेमध्ये लग्नसराई असते, तेव्हा घाईच्या बायका येतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार, म्हणजे दगडांची लढत, होते. त्या दिवशी मी खोली बंद ठेवते, गावातलं कुणी घराबाहेरचं काम काढतच नाही. सौंसरला शनिवारच का, तर जवळच जामसावळीचा हनुमान आहे आणि मंगळवारी-शनिवारी तिथे गर्दी असते. दर्शनाला जाते म्हणून निघालेली बाई खरोखर दर्शन घेते आणि येता येता तासभर माझ्याकडे बसते. घरी पूर्ण खरं सांगता येत नाही आणि खोटंही बोलायचं नाही, अशा बायकांनी काढलेली ही वाट आहे. माझा वार त्यांनीच ठरवला.

खुर्चीत बसल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो. “ताई, मुळापासून निघते ना वो? मंग वापस येनार नाही ना?”

या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी मी त्यांना सुईचं काम समजावून सांगते. कारण काय होणार हे कळलेली बाई कमी घाबरते आणि कुणाकडून फसतही नाही.

दहावीच्या विज्ञानात मिठाच्या पाण्यातून वीज सोडायचा प्रयोग असतो. तोच इथे केसाच्या मुळाशी होतो. आपल्या कातडीतल्या ओलाव्यात मीठ असतंच. केस ज्या नळीतून वर येतो तिच्यात, केसाला लगटून, अगदी बारीक सुई सरकवायची. सुई यंत्राच्या ऋण टोकाला जोडलेली असते, आणि धन टोकाची धातूची दांडी ओल्या कापडात गुंडाळून बाईच्या हातात दिलेली असते. पायाखालचं बटण दाबलं की प्रवाह वाहतो आणि सुईभोवती मीठ आणि पाणी मिळून कॉस्टिक सोडा तयार होतो. केसाला पोसणाऱ्या पेशी त्यात विरघळतात. सोबत हायड्रोजन सुटतो, म्हणून केसाच्या तोंडाशी पांढरा फेस दिसतो. वीज केसाला जाळते असं अनेकींना वाटतं. या पद्धतीत विजेचं काम सोडा तयार करण्यापुरतंच असतं, केस मारतो तो सोडा.

टोकं उलटी लागली तर सोड्याऐवजी आम्ल तयार होतं, सुईचा धातू झिजून कातडीत उतरतो आणि गोंदल्यासारखा काळा ठिपका कायमचा बसतो. म्हणून काम सुरू करण्याआधी मी पेल्यात मिठाचं पाणी घेऊन दोन्ही टोकं बुडवून पाहते. ज्या टोकाशी बुडबुड्यांची दाटी होते ते ऋण. यंत्रावरच्या खुणेपेक्षा माझा या पेल्यावर जास्त भरवसा आहे. येणाऱ्या बायकांनाही मी तो दाखवते.

किती सोडा लागतो याचं माप ठरलेलं आहे. मिलिअँपिअरच्या दहाव्या भागाइतका प्रवाह एक सेकंद वाहिला की ते एक एकक. अर्धा मिलिअँपिअर प्रवाह दहा सेकंद ठेवला तर पन्नास एककं होतात. ओठावरच्या लवेला पंधराच्या आसपास पुरतात. पुरुषी दाढीसारख्या जाड, खोल केसाला साठ ते ऐंशी लागतात. दुसरी पद्धत उष्णतेची आहे. तिच्यात काही मेगाहर्ट्झचा उलटसुलट प्रवाह सुईभोवतीचं पाणी तापवतो आणि मूळ क्षणात शिजतं. ती वेगवान आहे, पण उष्णता सुईच्या जवळच राहते. जिनं वर्षानुवर्षं चिमट्यानं किंवा दोऱ्यानं केस उपटले, तिच्या केसांच्या नळ्या पुष्कळदा वाकड्या झालेल्या असतात. सुई सरळ जाते आणि मूळ बाजूला राहतं. सोडा पातळ असल्यानं तो वाकड्या वाटेनंही पोचतो. म्हणून दोन्ही प्रवाह एकत्र वापरायची मिश्र पद्धत निघाली. गरम सोडा जास्त जोमानं काम करतो. आमच्याकडे कोरी हनुवटी घेऊन कुणी येतच नाही, चिमटा-दोरा झाल्यावरच येतात. त्यामुळे माझं बहुतेक काम मिश्र पद्धतीनंच चालतं.

ही विद्या सौंदर्यासाठी जन्मली नाही, हे मला नागपूरच्या डॉक्टरबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरातले डोळ्यांचे डॉक्टर चार्ल्स मिशेल यांनी १८७५ मध्ये ती जगापुढे मांडली. त्यांच्या रुग्णांच्या पापण्यांचे केस आतल्या बाजूला वळून बुबुळाला घासायचे आणि डोळा जायची वेळ यायची. उपटलेला केस पुन्हा यायचा. त्यांनी सुई आणि बॅटरी वापरून तो मुळापासून संपवला. आमच्या आज्यांच्या पिढीत खुपऱ्यांचा रोग घरोघरी होता. त्यानं पापणी आत वळलेली म्हातारी दारात उजेडाला बसून नातीकडून चिमट्यानं केस काढून घ्यायची. त्या म्हातारीचं दुखणं आणि माझी सुई यांचं मूळ एकच आहे हे कळल्यापासून मी या कामाला नटण्यामुरडण्याचं काम मानलेलं नाही. पुढे १९२० च्या दशकात फ्रान्समधल्या बोर्दिए यांनी उष्णतेची पद्धत आणली, आणि १९४० च्या दशकात अमेरिकेत हेन्री सेंट पिअर आणि आर्थर हिंकल यांनी मिश्र पद्धतीचं यंत्र बनवलं. दीडशे वर्षांत यंत्रं बदलली, पण सुई आजही एका वेळी एकाच केसात जाते.

यातलं खरं कसब बोटांत असतं. केस कोणत्या कोनानं वर आला आहे हे भिंगाच्या दिव्याखाली पाहायचं, त्याच कोनानं सुई न्यायची. ती अडू नये. कातडीला खळी पडली, तर सुई वाटेत नसून भिंतीला टेकली आहे. नळी मुळातच उघडी असते, त्यामुळे सुई बरोबर गेली तर टोचल्याचं कळत नाही आणि रक्त येत नाही. दुखतं ते प्रवाहाचं. ओठाच्या मधोमध, नाकाखाली, सगळ्यांत जास्त. मग चिमट्यानं केस धरायचा. मूळ सुटलं असेल तर तो लोण्यातून काढावा तसा अलगद सरकून येतो. ओढ लागली, तर तो उपटला गेला आणि परत येणार. हे मी बाईला आधीच सांगून ठेवते: केस निघताना ओढ लागली तर मला थांबवा. स्वतःच्या चेहऱ्यावरच्या कामाची परीक्षा तिला घेता आली पाहिजे.

आता त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. ज्या केसाचं मूळ पूर्ण मेलं, तो केस परत येत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानंही ‘कायमस्वरूपी केस काढणं’ हा दावा इलेक्ट्रोलिसिसलाच मान्य केला आहे. लेझरला ‘केस कायमचे कमी होणं’ इतकंच म्हणता येतं. पण हनुवटीवर आज जे केस दिसतात ते तिथले सगळे केस नव्हेत. केस वाढतो, थांबतो, गळतो, आणि त्याची मुळी काही महिने निजून राहते. आज दिसणारे काढले की निजलेले पुढच्या महिन्यांत उठतात. काही जाड मुळ्या पहिल्या वेळी पूर्ण मरत नाहीत, त्या बारीक केस घेऊन परत येतात. म्हणून तीच जागा पुन्हा पुन्हा साफ करावी लागते. बारीकशी हनुवटीसुद्धा नीट व्हायला वर्ष ते दीड वर्ष धरावं लागतं. सुरुवातीला दर आठवड्याला, मग पंधरवड्याला, मग महिन्यानं.

हे सांगितलं की काही बायका उठून जातात. एका शेतकरी घरच्या सासूबाई मात्र सुनेला घेऊन आल्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं आणि सुनेकडे वळून म्हणाल्या, “कुंद्यासारखं आहे हे. वरतून कापला त का होते? खनून काढा लागते, अन् तरी एक-दोन पावसाळे नजर ठेवा लागते.” काळ्या रानात कुंद्याचं तण खणलेल्या बाईला मला आणखी काही समजावावं लागलं नाही. त्या सुनेनं एकही खेप चुकवली नाही.

सगळ्यांत अवघड असतात लग्नाच्या घाईतल्या. “पंधरा दिवसांवर लग्न आहे, सगळं साफ करून द्या, पैशाचं पाहू नका.” अशा वेळी मी नाही म्हणते. सुईनंतर जागा लाल होते, सुजते, दुसऱ्या दिवशी टाचणीच्या टोकाएवढ्या खपल्या धरतात आणि त्या आपोआप पडायला आठवडाभर तरी जातो. आपली कातडी सावळी, गव्हाळ. ती दुखावली की काळा डाग धरते आणि तो उतरायला महिने लागतात. नवरीच्या चेहऱ्यावर मी हे कसं करू? मी सांगते, लग्नापुरता दोरा फिरवा आणि सवडीनं या. आई नाराज होते. पण पोरीशी बाजूला बोललं की बहुतेक वेळा कळतं, केसांपेक्षा तिला धास्ती असते की हे तिकडे कळलं तर काय. पाहायला आलेल्यांपैकी कुणी हनुवटीकडे पाहिलं, कुणी काही बोललं, एवढ्यावर मोडलेल्या सोयरिकी तिनं ऐकलेल्या असतात. एक मुलगी लग्नानंतर तीन महिन्यांनी नवऱ्याला सोबत घेऊन आली. त्यानं बाहेर ओट्यावर बसून वाट पाहिली, आणि पुढच्या वेळी तारीख मला त्यानंच विचारली. घरात उघडपणे बोललेली गोष्ट किती हलकी होते, ते मी त्या जोडप्यात पाहिलं.

केस काढण्याआधी ते का आले, हे पाहणं जास्त महत्त्वाचं आहे. नागपूरच्या दवाखान्यात मला हे पक्कं शिकवलं गेलं. नवी मुलगी आली की मी तिला विचारते: पाळी वेळेवर येते का? वजन अलीकडे वाढलं का? पुरळ, मानेवर काळेपणा? केस हळूहळू वाढले की एकदम? पाळी दोन-दोन महिने लांबते आणि हनुवटी, छाती, बेंबीखाली जाड केस येतात, तर अंडाशयाच्या त्या विकाराची शंका घ्यावी लागते, ज्याला आज सगळे पीसीओएस म्हणून ओळखतात. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या डॉक्टरांनी १९३५ मध्ये त्याचं वर्णन केलं होतं. केस किती हे मोजायला डॉक्टर फेरिमन-गॉलवे यांची १९६१ ची गुणपद्धत वापरतात. तिच्या आजच्या रूपात शरीराच्या नऊ जागा पाहतात आणि प्रत्येकीला शून्य ते चार गुण देतात. आठ किंवा त्याहून जास्त झाले की साधारणपणे तपासणी करावी असं धरतात. मी गुण देत नाही, तो माझा अधिकार नाही. मी चिठ्ठी देते: आधी स्त्रीरोगतज्ज्ञ. ज्यांना खासगी दवाखाना परवडत नाही त्यांना नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजची वाट सांगते. थोड्याच महिन्यांत एकदम दाट केस आले, आवाज जाड झाला, तर एक दिवसही घालवू नका म्हणून बजावते, कारण असं क्वचित गाठीमुळेही होतं.

यात माझं उत्पन्न बुडतं असं काही जणी म्हणतात. मला तसं वाटत नाही. शरीरातलं संप्रेरक नव्या लवेला जाड केस व्हायचा हुकूम देत असेल, तर मी मारलेल्या मुळीशेजारच्या दुसऱ्या मुळीतून उद्या केस येईल. माझ्या सुईनं मारलेला केस परत आला नसेल, पण बाईला आरशात केस दिसेल आणि तिचा विश्वास जाईल. औषध आणि सुई एकत्र चालली तरच अशा मुलीचे पैसे वसूल होतात. तिची पाळी सुधारणं हे तिच्या हनुवटीपेक्षा कितीतरी मोठं काम आहे. हनुवटीच्या निमित्तानं ती डॉक्टरपर्यंत पोचली याचं मला समाधान वाटतं.

दुसऱ्या टोकाला साठीकडच्या बायका आहेत. पाळी गेल्यावर हनुवटीवर चार-सहा राठ केस येतात, बरेचसे पांढरे. लेझर इथे काहीच करत नाही. लेझरचा प्रकाश केसातल्या काळ्या रंगात शोषला जाऊन उष्णता होते आणि तिनं मूळ भाजतं; पांढऱ्या केसात रंगच नसतो. सुईला रंगाशी देणंघेणं नाही. एक विधवा आजी येत. बरोबरची बाई त्यांना म्हणाली, “आता या वयात कोन पाह्यते, माय?” त्यांनी शांतपणे उत्तर दिलं, “मी पाह्यतो ना आरशात.” स्वतःसाठी नीटनेटकं राहायला वयाची अट नसते, आणि त्या आजींना ते कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

माझ्याकडे काही तृतीयपंथी बहिणीही येतात. दाढीचे केस जाड, खोल, संख्येनं खूप. इथे काम वर्षानुवर्षं चालतं आणि दुखतंही जास्त. सुन्न करणारं मलम डॉक्टरांच्या सल्ल्यानं आधी लावून यायला सांगते. २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात शस्त्रक्रिया, संप्रेरकं आणि लेझर यांच्या खर्चाला विम्याची तरतूद करावी असं म्हटलं आहे. सुईचं नाव त्यात नाही. पण जिची दाढी पिकायला लागली आहे तिला सुईशिवाय उपाय नाही. तो खर्च ती टाळ्या वाजवून, ओवाळण्या मागून उभा करते. सौंसर तहसिलीतल्याच मोहगाव हवेलीत अर्धनारीश्वराचं देऊळ आहे, दुरून माणसं तिथे माथा टेकायला येतात. त्याच मुलखात या बहिणींना पार्लरच्या पायरीवरून परत पाठवलं जातं, हे मला पटत नाही. माझी खुर्ची सगळ्यांना एकच आणि दरही एकच.

लेझरचा मी द्वेष करत नाही. काळे, दाट केस आणि मोठी जागा, म्हणजे पाय, पाठ, काखा, तिथे सुईनं आयुष्य जाईल, लेझरच बरं. पण सावळ्या कातडीतही तोच काळा रंग असतो, त्यामुळे चुकीच्या यंत्रानं कातडीच भाजते. सावळ्या रंगाला १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर जास्त सुरक्षित मानतात, आणि तो चालवणारा माणूस जाणता हवा. दुसरी गोष्ट जाहिरातीत येत नाही: चेहऱ्यावरच्या बारीक लवेवर लेझर मारल्यावर काही जणींना तिथले केस उलट वाढतात, आणि आपल्याकडच्या बायकांमध्ये हे नोंदवलं गेलं आहे. गालावर लव असलेली मुलगी लेझरचं विचारते तेव्हा मी तिला हे आवर्जून सांगते.

“न दुखणारं काही नाही का?” हा प्रश्न रोजचा आहे. याचं एक उत्तर इतिहासात आहे आणि ते फार वेदनेचं आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेत अल्बर्ट गायझर नावाच्या डॉक्टरनं केस घालवायला क्ष-किरणांचं यंत्र काढलं. सुई नाही, दुखणं नाही, बाईनं खिडकीसमोर हनुवटी धरून बसायचं. शहराशहरांत त्याची दुकानं निघाली. केस गेले. मग काही वर्षांनी त्या बायकांच्या कातडीवर सुरकुत्या, जखमा, आणि पुष्कळ जणींना कर्करोग. काहींना तो दशकांनंतर झाला. दुखत नाही म्हणजे निर्धोक आहे असं मानणं बायकांना किती महाग पडलं, याचा हा दाखला मी प्रत्येक शिकाऊ मुलीला सांगते. केसाला चिमट्यासारखं धरून विजेनं मूळ मारतो म्हणणारी घरगुती यंत्रं मिळतात, त्यांनीही कायमचं काही होत नाही. केसातून वीज वाहतच नाही. सुई मुळाशी पोचली तरच काम होतं.

सुई रक्ताशी, कातडीशी खेळते, त्यामुळे स्वच्छतेत तडजोड चालत नाही. मी प्रत्येक बाईला नवी, बंद पाकिटातली सुई वापरते आणि पाकीट तिच्यासमोर फोडते. कावीळ-ब आणि एचआयव्ही दुसऱ्याच्या सुईनं पसरू शकतात. चिमटे ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर वाफवते. गरम पाण्यात बुडवले, डेटॉलनं पुसले, एवढ्यावर भागत नाही. पेसमेकर बसवलेला असेल, जखम फुगून वर येण्याची सवय असेल, गरोदरपण असेल, तर काम करत नाही. तिळातला केस डॉक्टरांनी तीळ पाहिल्याशिवाय काढत नाही. मधुमेह असेल तर जखम भरायला वेळ लागतो, तिथे आधी डॉक्टरांना विचारून या म्हणते. आणि आमच्याकडे वीज जाते, म्हणून यंत्र इन्व्हर्टरवरच चालवते. सुई आत असताना प्रवाह तुटला तर मूळ अर्धवट राहतं.

घरी जाताना सूचना साध्या असतात. थंड कापड, कोरफडीचा गर. लिंबू, बेसन, हळद, ब्लीच, काही नाही. खपली नखानं काढायची नाही. उन्हापासून जपायचं. ही शेवटची सूचना देताना मला दर वेळी अवघड वाटतं. कापूस वेचणाऱ्या, संत्रा तोडणाऱ्या बाईला ऊन टाळा म्हणणं म्हणजे मजुरी बुडवा म्हणणं. म्हणून तिचं काम मी पावसाळ्यात किंवा हंगाम संपल्यावर धरते, आणि एका वेळी थोडेच केस काढते. ओढणी नाकापर्यंत बांधून ती दुसऱ्या दिवशी रानात जाऊ शकते. काम लांबतं, पण डाग पडत नाही.

एक समज मात्र इथे मोडून ठेवते. वस्तरा फिरवला किंवा दोरा लावला म्हणून केस जास्त येत नाहीत, जाडही होत नाहीत. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला राठ लागतं, एवढंच. “लहानपणी दोरा लावला म्हणून माझ्या पोरीचं असं झालं,” असं म्हणत कित्येक आया स्वतःला दोष देत बसतात. तो दोष त्यांचा नाही. मुलीचाही नाही.

वाचणाऱ्या आयांना माझी विनंती आहे. मुलीच्या चेहऱ्यावर केस दिसले तर आधी तिची पाळी विचारा, मग केसांचं पाहू. चार लोकांत तिच्या हनुवटीकडे बोट दाखवू नका. ठेवायचे की काढायचे हे तिचं तिला ठरवू द्या. ठेवले तरी तिच्यात काही उणं नाही. काढायचे ठरलं, तर सुईच्या खुर्चीत बसण्याआधी विचारा: सुई नवी आहे का, पाकीट माझ्यासमोर फोडाल का, आधी कानाखाली चार-पाच केसांवर करून दाखवाल का, एकूण किती महिने आणि किती खर्च. उत्तरं सरळ मिळाली तर बसा आणि धीर धरून शेवटपर्यंत या, कारण अर्ध्यात सोडलेल्या कामाचे पैसे वाया जातात. आणि एका बैठकीत सगळा चेहरा कायमचा साफ करून देतो असं कुणी म्हणालं, तर आगाऊ रक्कम न देता घरी परत या.